चेतवणे म्हणजे काय? : 'संवेजेति' या पाली क्रियापदाचा अभ्यास

आपल्या वस्त्यांतील समाजमंदिरे, बुद्धविहारे, वाचनालये आणि वसतिगृहे यांच्या भिंतींवर एक घोषणा हमखास वाचावयास मिळते : 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना जो संदेश दिला, तो इंग्रजीत होता. त्यातील शब्दांचा क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाईज' असा आहे. मराठीत आलेल्या घोषणेत मधला शब्द शेवटी गेला आणि 'संघर्ष करा' असा झाला. काही अभ्यासकांनी मूळ क्रम राखून 'शिकवा, चेतवा, संघटित करा' असे भाषांतर केले आहे. कोणते भाषांतर योग्य, हा वाद येथे घालावयाचा नाही. रूढ मराठी घोषणेने तीन पिढ्यांना बळ दिले आहे आणि तिचे ते ऋण कायम राहील. आमचा प्रश्न मधल्या शब्दापुरता आहे. शिक्षण आणि संघटन यांच्या मध्ये बाबासाहेबांनी जी क्रिया ठेवली, ती नेमकी कोणती? एखाद्याला 'चेतवणे' म्हणजे त्याच्या मनात काय घडवून आणणे?

हा प्रश्न आम्हा शिक्षकांना केवळ शब्दांच्या आवडीपोटी पडत नाही. निवासी शाळेत १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा प्रसंगी भाषणे होतात. वक्ते तळमळीने बोलतात, मुलांच्या मुठी वळतात, डोळे भरून येतात, सभागृह घोषणांनी दुमदुमते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची घंटा वाजते. तेव्हा आदल्या दिवशीच्या त्या भावनेचे काय झाले, ती कोठे गेली, तिने मुलाला अभ्यासिकेत नेले की नुसतेच थकवले, हे पाहणे आमच्या वाट्याला येते. म्हणून या लेखात आम्ही एका पाली क्रियापदाचा अर्थ आणि वापर तपासणार आहोत. ते क्रियापद आहे 'संवेजेति'.

शब्दाची घडण

पाली भाषेत 'विज्' धातूला 'सं' हा उपसर्ग लागून 'संविज्जति' हे रूप होते. त्याचा अर्थ 'तो हादरतो, अंतर्यामी हलतो'. पाणिनीय परंपरेतही 'विज्' धातूचे अर्थ भय आणि चलन असे दिलेले आहेत. भीती व हालचाल या दोन्ही गोष्टी या धातूत एकत्र नांदतात. याच 'संविज्जति'चे प्रयोजक रूप म्हणजे 'संवेजेति', अर्थात 'तो दुसऱ्याला हलवतो, त्याच्या मनाला चालना देतो'. मराठीत जागणे-जागवणे, हलणे-हलवणे, चेतणे-चेतवणे या जोड्यांत जो संबंध आहे, तोच येथे आहे.

विद्यार्थ्यांसाठी या क्रियापदाची काही रूपे नोंदवून ठेवू. 'संवेजेत्वा' म्हणजे हलवून, चेतवून. 'संवेजेतुं' म्हणजे चेतवण्यासाठी. 'संवेजित' म्हणजे ज्याला चेतवले गेले तो. 'संविग्ग' म्हणजे जो आतून हललेला आहे तो. संस्कृतात हाच शब्द 'संविग्न' असा येतो. 'संवेजनीय' म्हणजे ज्यामुळे मन हलावे असे. 'संवेजेतुकाम' म्हणजे चेतवण्याची इच्छा असलेला. हे रूप पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे. या सर्वांचे भाववाचक नाम 'संवेग'. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पालीत अगदी याच उच्चाराचे दुसरे 'संविज्जति' आहे. ते 'विद्' धातूपासून आलेले असून त्याचा अर्थ 'असतो, आढळतो' एवढाच आहे. वाचताना संदर्भ पाहूनच कोणते क्रियापद आहे ते ठरवावे लागते.

मराठी वाचकाला हे कूळ परके नाही. वेग, आवेग, उद्वेग, उद्विग्न हे आपले रोजचे शब्द त्याच धातूचे आहेत. 'आवेग' म्हणजे उसळून येणारा जोर, तर 'उद्वेग' म्हणजे मनाला सैरभैर करून सोडणारा त्रास. 'संवेग' हा शब्दही आपल्या मुलांना ठाऊक आहे, पण तो विज्ञानाच्या तासाला. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला मराठी पाठ्यपुस्तकात 'संवेग' म्हणतात आणि ही राशी सदिश असल्याचे शिकवतात. म्हणजेच तिला परिमाण असते, तशी दिशाही असते. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात पाली सुत्ते होती असे आम्ही म्हणणार नाही. तरीही पाली शब्दाचा अर्थ समजावताना हे उदाहरण उपयोगी पडते, कारण सुत्तांतील संवेगालाही दिशा असावीच लागते.

रीस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांनी संपादित केलेला पाली-इंग्रजी शब्दकोश १९२१ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दकुळाला दिलेल्या इंग्रजी अर्थांत 'ॲजिटेट' आणि त्याची रूपे आढळतात. इंग्रजीतील हे क्रियापदही लॅटिनमधील 'हलवणे, गतिमान करणे' या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. इतिहासाचा अभ्यासक म्हणून येथे एक मर्यादा आखून घेणे आमचे कर्तव्य आहे. 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाईज' ही घोषणा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील समाजवादी चळवळीत प्रचलित होती. ती पालीतून आली, असा दावा करता येणार नाही. परंतु बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचा सखोल अभ्यास केला. त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण व शब्दसंग्रह महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत सोळावा खंड म्हणून १९९८ साली प्रकाशित झाले. ज्या धम्माच्या मार्गावर त्यांनी आपल्याला आणून सोडले, त्या धम्माच्या भाषेत 'चेतवणे' या क्रियेविषयी काय सांगितले आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पराणीची सावली

'अंगुत्तर निकाया'च्या चतुक्कनिपातात 'पतोद सुत्त' आहे. 'पतोद' म्हणजे जनावर हाकण्याची टोकदार काठी. आपल्याकडे बैल हाकताना खिळा लावलेली जी काठी वापरतात तिला पराणी म्हणतात, तोच प्रकार. तथागत चार जातिवंत घोड्यांचा दृष्टान्त देतात. पहिला घोडा पराणीची नुसती सावली दिसताच सावध होतो. दुसरा पराणी केसांना लागल्यावर, तिसरा कातडीत घुसल्यावर आणि चौथा ती हाडापर्यंत पोहोचल्यावर हलतो. माणसेही अशीच चार प्रकारची असतात. अमुक गावी कोणी दुःखात आहे किंवा मरण पावला, हे ऐकूनच एकाचे मन हलते. दुसऱ्याचे मन ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर हलते. तिसऱ्याला आपल्या नात्यागोत्यातील माणसावर प्रसंग ओढवावा लागतो आणि चौथ्याला स्वतःच्या देहावर.

हे सुत्त अनेकदा येथपर्यंतच सांगितले जाते आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग राहून जातो. चारही प्रकारांच्या वर्णनात मन हलल्यानंतर पुढची पायरी एकच सांगितली आहे : असा संविग्न झालेला मनुष्य 'योनिसो' प्रयत्नाला लागतो. 'योनिसो' म्हणजे मुळापासून, कारणांचा शोध घेत, विचारपूर्वक. 'इतिवुत्तक' या ग्रंथातही सुखाने जगण्यासाठी दोन गोष्टी जोडीने सांगितल्या आहेत. ज्या ठिकाणी मन हलले पाहिजे तेथे ते हलणे ही पहिली, आणि हललेल्या मनाने योग्य रीतीने उद्योग करणे ही दुसरी. पहिलीशिवाय दुसरी सुरू होत नाही. दुसरीशिवाय पहिलीला फळ येत नाही.

आपल्या समाजाच्या संदर्भात या दृष्टान्ताचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आपल्या आजे-पणज्यांना पराणी हाडापर्यंत लागलेली होती. त्यांना दुःखाची जाणीव करून देण्यासाठी वक्त्याची गरज नव्हती. त्यांच्याजवळ नव्हता तो 'योनिसो' प्रयत्नाचा मार्ग, म्हणजे शाळा, संघटना, कायदा आणि धम्म. तो मार्ग बाबासाहेबांनी दिला. आजही आमच्या वसतिगृहात अशी मुले येतात, ज्यांच्या घरी ऊसतोडीची उचल घेतलेली असते, वडिलांना गावातील भांडणात मार बसलेला असतो, आई दुसऱ्याच्या बांधावर राबत असते. अशा मुलासमोर त्याच्याच वेदनेचे रसभरीत वर्णन करून त्याला पुन्हा पुन्हा हादरवणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला गणित नीट समजले पाहिजे, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरला गेला पाहिजे, रात्री घराच्या काळजीने झोप लागली नाही तर जवळ बसणारे कोणी तरी असले पाहिजे.

याच वर्गात दुसरी मुलेही आहेत. त्यांचे आईवडील शिकले, नोकरीस लागले, शहरात स्थिरावले. ही मुले सुखात वाढली याचा आम्हाला आनंदच आहे. त्यासाठीच तर चळवळ झाली. पण त्यांना पराणीची सावली ओळखता यावी लागते. इतिहासाचा तास त्यासाठी असतो. जे आपल्या अंगावर आले नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर आले होते, आजही येते, हे ऐकून आणि वाचून ज्याचे मन हलते तो पहिल्या घोड्यासारखा. आपण व आपल्या मुलांनी हाडाला पराणी लागेपर्यंत थांबू नये, एवढ्यासाठी इतिहास शिकवावयाचा. श्रीलंकेतील 'महावंस' या पाली इतिहासग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणाच्या समाप्तीला तो सज्जनांच्या मनात 'पसाद' आणि 'संवेग' उत्पन्न व्हावा म्हणून रचला असल्याचे नमूद आहे. पसाद म्हणजे श्रद्धायुक्त प्रसन्नता. इतिहास लिहिण्यामागे मन हलवण्याबरोबर मन स्वच्छ व शांत करण्याचाही हेतू त्या भिक्षू इतिहासकाराला महत्त्वाचा वाटला, हे आम्हा इतिहासशिक्षकांनी विसरू नये.

चेतवणारा कोण असावा?

आता प्रयोजक रूपाकडे वळू. मन स्वतः हलणे वेगळे आणि दुसऱ्याने ते हलवणे वेगळे. दुसऱ्याचे मन हलवण्याचा अधिकार कोणाला? याचे उत्तर 'संयुत्त निकाया'तील 'वनसंयुत्त' या छोट्या विभागात आहे. त्यात चौदा सुत्ते आहेत. प्रसंग साधारण एकाच घडणीचे आहेत : कोसल जनपदातील एखाद्या वनात भिक्षू राहतो, त्याचे चित्त भलतीकडे भरकटते, आणि त्या वनातील देवता त्याला समजावते. देवता हा त्या काळच्या कथनाचा भाग आहे. तो शब्दशः घेण्याचे कारण नाही. आपले लक्ष क्रियापदाकडे असावे.

देवता भिक्षूकडे जाते, ती 'संवेजेतुकामा' होऊन, म्हणजे त्याला चेतवण्याच्या इच्छेने. पण हे विशेषण एकटे येत नाही. त्याच्या आधी आणखी दोन विशेषणे ठरलेली आहेत : 'अनुकम्पिका' आणि 'अत्थकामा'. पहिल्याचा अर्थ त्याच्याविषयी अनुकंपा बाळगणारी, दुसऱ्याचा अर्थ त्याचे हित इच्छिणारी. हा क्रम सुत्तांमागून सुत्तांत असाच येतो. अनुकंपा आधी, हितेच्छा नंतर आणि चेतवण्याची इच्छा शेवटी. ज्याच्याविषयी अनुकंपा नाही, ज्याचे हित आपल्याला नको आहे, त्याला हलवावयाला जाणाऱ्याच्या कृतीला पाली भाषा हे क्रियापद देत नाही, असे या सुत्तांवरून आम्हाला वाटते.

मराठीत या फरकासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते जपून वापरले पाहिजेत. 'चिथवणे' या शब्दात चिथवणारा स्वतः मागे राहतो आणि दुसऱ्याला पुढे ढकलतो. 'भडकवणे' यात विवेक जळून जाणे अभिप्रेत आहे. 'डिवचणे' यात समोरच्याला दुखवण्याची मजा आहे. 'हेलावणे' हे कोमल आहे, पण हेलावलेला मनुष्य पुष्कळदा अश्रू पुसून घरी जातो. 'चेतवणे' याचे नाते चेतनेशी, म्हणजे जाणिवेशी आहे. राखेखालचा विस्तव फुंकर घालून चेतवतात, तेव्हा अग्नी बाहेरून आणावा लागत नाही. तो आत असतो आणि त्यावर भाकरी भाजावयाची असते. 'संवेजेति'ला जवळचा मराठी शब्द हाच. मात्र त्यात संवेगातील धक्क्याची, अंगावर काटा येण्याची छटा मिळवून घ्यावी लागते.

याच विभागातील एका सुत्तात आनंद स्थविरांनाही चेतवले गेले आहे. कोसलात असताना गृहस्थांना समजावण्यात ते फार वेळ घालवीत होते, आणि देवतेने त्यांना स्वतःच्या साधनेची आठवण करून दिली. तथागतांची पंचवीस वर्षे सेवा केलेल्या आनंदांनाही चेतवणाऱ्याची गरज पडली. दुसऱ्यांना उपदेश करण्यातच ज्यांचा दिवस जातो अशा आम्हा शिक्षकांनी, वक्त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हे सुत्त वारंवार वाचावे असे आहे.

'संयुत्त निकाया'त आणखी एक प्रसंग येतो. मिगारमातेच्या प्रासादात काही भिक्षू बडबडीत आणि थिल्लरपणात वेळ घालवीत होते. त्यांना चेतवण्यास तथागत महामोग्गल्लानांना सांगतात. कथेनुसार मोग्गल्लान पायाच्या अंगठ्याने प्रासाद हलवतात आणि भिक्षूंच्या अंगावर काटा उभा राहतो. चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. त्यानंतर तथागत स्वतः तेथे येतात, हे कशासाठी घडले ते सांगतात आणि चित्ताच्या विकासाचे मार्ग समजावतात, हे महत्त्वाचे. हादरलेल्या भिक्षूंना तसेच थरथरत ठेवून कोणी निघून गेले नाही.

स्थळे आणि तीर्थयात्रा

'महापरिनिब्बान सुत्ता'त श्रद्धावान कुलपुत्राने पाहण्याजोगी चार स्थळे सांगितली आहेत : तथागतांचा जन्म झाला ते लुंबिनी, बोधी प्राप्त झाली ते बुद्धगया, प्रथम धम्मचक्र प्रवर्तन झाले ते सारनाथ आणि महापरिनिर्वाण झाले ते कुशीनारा. या स्थळांना 'संवेजनीय' म्हटले आहे. म्हणजे या स्थळांच्या दर्शनाने मन हलावे आणि हललेले मन कामाला लागावे.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतरच्या विसाव्या वर्षी लुंबिनीला भेट दिली. तेथील स्तंभलेख आजही उभा आहे. वंदन केल्याची नोंद तर त्यात आहेच. शिवाय येथे तथागतांचा जन्म झाला म्हणून लुंबिनी गावाचा 'बलि' हा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा भाग आठवा केला, हेही कोरलेले आहे. राजाची श्रद्धा शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोहोचली. संवेजनीय स्थळी जाऊन आल्यावर काय करावे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आपल्यासाठी महाड, दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी ही अशीच स्थळे आहेत. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला लाखोंची गर्दी जमते. त्या गर्दीत पुस्तकांच्या दुकानांपुढे जी रांग असते, ती आम्हाला विशेष मोलाची वाटते. खेड्यातून आलेली आई शिदोरीच्या पिशवीत मुलासाठी एक पुस्तक घालते, तेव्हा 'संवेग' आणि 'योनिसो' प्रयत्न या दोन्ही गोष्टी एका कृतीत एकत्र आलेल्या असतात.

शस्त्र हाती घेतल्याने उपजणारे भय

सिद्धार्थ गौतमांनी गृहत्याग का केला, या प्रश्नाशीही आपल्या क्रियापदाचा संबंध आहे. परंपरेने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा सांगितली. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' काव्यातील ज्या तिसऱ्या सर्गात ही कथा येते, त्याचे नावच 'संवेगोत्पत्ति' असे आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हे कारण नाकारले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष, युद्धाला सिद्धार्थांनी केलेला विरोध आणि त्यातून पत्करलेली परिव्रज्या, असा इतिहास त्यांनी मांडला.

त्याआधी १९४० च्या सुमारास धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात गृहत्यागाची चर्चा करताना 'सुत्तनिपाता'तील 'अत्तदंड सुत्त' पुढे आणले होते. हे सुत्त शस्त्रधारणेतून उपजणाऱ्या भयापासून सुरू होते आणि त्यात वक्ता आपल्या स्वतःच्या संवेगाची हकिकत सांगतो. आटत्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे परस्परविरोधात तडफडताना पाहून त्याचे मन हलले. अट्ठकथांची परंपराही या सुत्ताचा संबंध शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्याशी जोडते.

या दोन स्पष्टीकरणांतला फरक मोठा आहे. चार दृश्यांच्या कथेत मन हलते ते जरा आणि मरण यांमुळे. ती प्रत्येक प्राण्याला अटळ आहेत. अत्तदंड सुत्तात ते हलते माणसाने माणसावर शस्त्र उगारल्यामुळे. ते टाळता येते. पहिला संवेग मनुष्याला जगाबाहेर नेऊ शकतो. दुसरा त्याला जगातील अन्यायाच्या कारणांपाशी आणून उभा करतो. बाबासाहेबांनी कोणता निवडला, हे वेगळे सांगावयास नको.

महाड : चेतवणे आणि आवरणे

पाण्याच्या तंट्यावरून आपण सरळ चवदार तळ्याकडे येतो. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मंदिरप्रवेशाची अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. माणसे जखमी झाली, परिषदेचे अन्न मातीत मिसळले गेले. प्रतिकाराला हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आवरले. प्रतिहल्ला झाला नाही. न्यायालयात खटले झाले आणि हल्लेखोरांना शिक्षा झाल्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषद याहून कठीण होती. हजारोंनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. लोकांची मने पेटलेली होती. पण त्याआधीच विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. पुष्कळ चर्चेनंतर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय लोकांना पटवून दिला. मिरवणूक निघाली, तळ्याभोवतून गेली आणि पाण्याला हात न लावता परतली. त्याच मुक्कामी त्यांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले आणि राहणीमान बदलण्याचा व मुलींना शिकवण्याचा उपदेश केला. दावा चालत राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. डिसेंबर १९२७ पासून मोजले तर सव्वानऊ वर्षे झाली.

आम्ही वर्गात महाड शिकवताना २० मार्चइतकाच वेळ त्या डिसेंबरच्या मिरवणुकीला देतो. हजारो माणसांना पाण्याच्या काठापर्यंत नेणे आणि तेथून शिस्तीने परत आणणे, हे ज्याला साधते त्यालाच 'चेतवणे' हा शब्द शोभतो. मग आम्ही मुलांना फळ्यावर तारखांची रेषा काढावयास लावतो : १९२३ चा मुंबई विधिमंडळातील बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, १९२७ चा मार्च आणि डिसेंबर, १९३७ चा निकाल. शेवटी प्रत्येकाने आपल्या गावातील पाण्याचे आजचे व्यवस्थापन कोणाकडे आहे, नळयोजनेचे पाणी कोणत्या वस्तीला किती वेळ येते, ते सुटीत विचारून लिहून आणावयाचे. या टिपणांत घोषणा नसतात. परंतु एखाद्या मुलीला आपल्या वस्तीचा नळ गावातील इतर नळांपेक्षा कमी वेळ चालतो हे स्वतःच्या हाताने लिहिताना जे जाणवते, ते कोणत्याही भाषणाने जाणवणार नाही. पुढचा अर्ज कोठे करावयाचा, हेही ती त्याच तासाला विचारते.

एक कसोटी

आतापर्यंतच्या अभ्यासातून 'संवेजेति' या क्रियापदाचा आम्हाला लागलेला अर्थ असा : दुसऱ्याच्या हिताच्या इच्छेने, अनुकंपेने, त्याचे मन अशा रीतीने हलवणे की तो कारणांचा विचार करून स्वतः उद्योगाला लागेल. आधीची अनुकंपा काढून टाकली तर उरते ते चिथवणे. नंतरचा उद्योग काढून टाकला तर उरते ती करमणूक, मग तिला कितीही टाळ्या पडोत. व्यासपीठावरून होणारे प्रत्येक भाषण, भ्रमणध्वनीवर फिरत येणारी प्रत्येक चित्रफीत या कसोटीला लावून पाहावी. हे ऐकवणाऱ्याला माझे हित हवे आहे काय? हे ऐकून उद्या सकाळी मी काय करणार आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर आपल्याला कोणी भडकवत आहे असे समजावे. पालकांनीही मुलांशी हे बोलावे. आपल्या मुलांचा राग खरा आहे आणि त्याला कारणे आहेत; म्हणूनच तो कोणालाही फुकट वापरू देऊ नये.

वनसंयुत्तातील शेवटचे सुत्त सांगून हा लेख पुरा करतो. एक भिक्षू पुष्करणीत उतरून कमळाचा वास घेतो. देवता त्याला सुगंधाचा चोर म्हणते. भिक्षू म्हणतो, मी फूल तोडले नाही, मोडले नाही. जे कमळे उपटून नेतात त्यांना तू काही बोलत नाहीस. देवता उत्तर देते की त्यांना सांगण्यासारखे तिच्याजवळ काही नाही. पण जो निर्मळ होऊ पाहतो, त्याला केसाएवढा दोषही ढगाएवढा दिसला पाहिजे. भिक्षूला हे पटते. पुन्हा असे काही दिसले तर मला सांग, अशी तो विनंती करतो. तेव्हा देवता जे उत्तर देते त्याचा आशय असा की, ती काही त्याची चाकर नाही. आपली सद्गती कशात आहे, हे त्याने स्वतःच ओळखावे.

हे उत्तर कठोर वाटले तरी त्यात त्या क्रियापदाचा शेवट आहे. चेतवणाऱ्याचे काम एका मर्यादेपर्यंतच असते. या शाळेतून बाहेर पडलेले आमचे विद्यार्थी आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, शेती करतात, कारखान्यात आणि कार्यालयात काम करतात. काही जण परदेशी आहेत. त्यांच्यामागे आता सकाळची घंटा नाही आणि रोज आठवण करून देणारे गुरुजी किंवा बाईही नाहीत. आपले मन कोठे हलले पाहिजे आणि हलल्यावर काय केले पाहिजे, हे त्यांनी आपले आपण ओळखावयाचे आहे. वसतिगृहातून आज निघणारा नवा विद्यार्थीही त्याच वाटेने जाणार आहे. जे आधी गेले त्यांनी त्याच्याकडे अनुकंपेने आणि हितेच्छेने पाहावे, गरज पडेल तेव्हा त्याला चेतवावे आणि मग त्याला चालू द्यावे.

सर्व माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!